मागच्या डिफरन्शियलमधून तेल गळतंय, सील दोनदा बदललं तरी थांबत नाही

चौथा_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचक आहे, आज मदत हवी म्हणून धागा काढतोय.

गाडी अकरा वर्षांची, १,४०,००० किलोमीटर झालेली. मागच्या चाकांना ताकद देणारी, पाटे आणि सलग हाउसिंग असलेली. पाच महिन्यांपूर्वी मागच्या डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) नाकाखाली, म्हणजे गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट जिथे येऊन जोडला जातो तिथे, रोज सकाळी तळहाताएवढा डाग दिसायला लागला. गॅरेजवाल्याने पिनियनचं, म्हणजे शाफ्टची ताकद आत नेणाऱ्या छोट्या गिअरच्या दांड्याचं, ऑइल सील बदललं. सहा आठवडे कोरडं राहिलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजात नेली. "आधीचं सील हलकं होतं" असं म्हणून त्याने पुन्हा नवीन टाकलं. या वेळी तीन आठवडेही टिकलं नाही.

गेल्या महिन्यात ३०० मिली तेल वरून घालावं लागलं. ६०-७० च्या वेगाला मागून बारीक हूं असा आवाज येतो, पण तो आधीपासूनच होता की मीच आता कान देऊन ऐकतोय, हे सांगता येत नाही. हात चालवायची सवय आहे, ब्रेक आणि क्लचची कामं घरीच करतो. डिफरन्शियलला मात्र कधी हात लावलेला नाही. तिसऱ्यांदा सील बदलण्याआधी नेमकं काय तपासू?

पाना_सतरा

तिसरं सील आणू नका, एवढं आधी सांगतो. चांगल्या प्रतीचं सील नीट बसवलं तर वर्षानुवर्षं जातं. तीन आठवड्यांत गळायला लागलं याचा अर्थ सीलला दुसरं काहीतरी मारतंय, नाहीतर तेल सीलमधून येतच नाहीये.

पहिला प्रश्न, हे तेल डिफरन्शियलचंच आहे ना? डागात बोट बुडवून वास घ्या. डिफरन्शियलच्या तेलाला गंधकाचा उग्र, कुजकट वास असतो. एकदा घेतला की विसरत नाही. हे अशासाठी विचारतो की गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचं सील गेलं, तर ते तेल शाफ्टवरून फिरत मागे येतं आणि अंगाखाली उडतं. मग डिफरन्शियलचं नाक ओलं दिसतं आणि दोष भलत्याच सीलवर जातो. शाफ्टचं पुढचं टोक हात फिरवून बघा, कोरडं आहे का.

सांधेजोड

ब्रीदर तपासला का? हाउसिंगच्या वरच्या अंगाला, बहुतेक उजव्या किंवा डाव्या नळीवर, एक छोटी टोपी असते किंवा रबरी नळी वर चॅसीकडे गेलेली असते. आतली हवा तिथून ये-जा करते.

त्याचं महत्त्व साध्या गणितात सांगतो. सकाळी हाउसिंगमधली हवा २७ अंशांवर आहे. तासभर हमरस्त्यावर चालवली की तेल आणि हवा ८७ अंशांपर्यंत सहज जातात. बंद भांड्यातली हवा एवढी तापली तर दाब वीस टक्क्यांनी वाढतो, म्हणजे जवळपास ०.२ बार. ऑइल सीलचं काम उडणारं तेल अडवणं, दाब धरणं हे त्याचं काम नव्हे. ओठावर सतत दाब आला की तो शाफ्टवर जास्त घासतो, तापतो, कडक होतो. हवेला वाट मिळाली नाही की ती तेलाला पुढे ढकलत जिथे कच्चं असेल तिथून बाहेर पडते.

उलटंही होतं. तापलेलं हाउसिंग पाण्यातून गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदर बंद असेल तर सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ, ताकासारखं झालेलं दिसलं तर हेच घडलेलं असतं.

निळा_टायर

वाचतोय. माझ्याकडेही मागे डाग आहे, पण तो चाकाच्या आतल्या बाजूला. धाग्यात घुसत नाही, नंतर विचारतो.

चौथा_गिअर (धागाकर्ता)

पाना_सतरा, सांधेजोड, दोघांचेही आभार. आज संध्याकाळी गाडीखाली गेलो होतो.

वास डिफरन्शियलच्याच तेलाचा. गिअरबॉक्सचं मागचं टोक कोरडं, त्यावर जुनी धूळ तशीच बसलेली.

ब्रीदर मात्र पक्का बंद निघाला. टोपी बोटाने फिरायला हवी होती, ती फिरेना. काढून बघितली तर आत चिखल वाळून विटेसारखा झालेला. तार घालून मोकळं केलं, डिझेलमध्ये धुतलं, फुंकर मारली तेव्हा आरपार हवा गेली. दोन्ही वेळा सील बदलताना कोणी तिकडे बघितलंच नव्हतं.

फिलर प्लग उघडून पातळी पाहिली, भोकाच्या खाली बोटाचं एक पेर होती. २५० मिली घातल्यावर भोकाच्या काठाशी आली. आता गळती थांबेल असं मला वाटतंय. घाई करतोय का?

अक्षरेखा

थोडी घाई होते आहे. ब्रीदर बंद सापडला हे छानच झालं, पण ते एक कारण झालं. एकच असेल असं नाही. मी अवजड गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये अॅक्सलच्या कामावर आहे, आणि आमच्याकडे परत आलेल्या गळतीच्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा दोन कारणं हातात हात घालून असतात. एक सापडलं की माणूस थांबतो.

गळती शोधायची रीत आमच्याकडे एकच आहे. धुवा, वाळवा, पावडर मारा, चालवा, बघा.

धुवायचं म्हणजे खरंच धुवायचं. डिग्रीझर, ताठ ब्रश, कोपऱ्यातला जुना चिकट थर खरवडून. नाक, मागचं कव्हर, दोन्ही नळ्या, चाकांच्या ब्रेक-प्लेटच्या आतल्या बाजू, प्रॉपेलर शाफ्टचा मागचा जोड, आणि त्यावरचा गाडीचा पत्रासुद्धा. जुनं तेल राहिलं तर तेच गरम होऊन पाझरतं आणि दिशाभूल करतं. पाण्याची जोराची धार थेट सीलवर आणि ब्रीदरवर मारू नका.

पूर्ण वाळलं की सगळ्यावर अंगाला लावायची साधी टाल्कम पावडर फुंकून पातळ पांढरा थर बसवा. मग २५-३० किलोमीटर चालवा, त्यातले निम्मे तरी वेगाने, म्हणजे तेल नीट तापेल. परत आल्यावर लगेच खाली जा. उद्या सकाळी नको. रात्रभरात तेल सगळीकडे पसरतं आणि उगम पुसला जातो.

बघताना एक लक्षात ठेवा. तेल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे जातं. म्हणून ओल्या भागातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा बिंदू शोधायचा. थेंब जिथून पडतो ती जागा बहुतेक वेळा खोटी असते. मागच्या कव्हरच्या खालच्या बोल्टावर थेंब लटकलेला असतो आणि गळत असतं वरच्या काठाचं गॅस्केट.

नाकापाशी आणखी एक जागा आहे जी कोणी बघत नाही. शाफ्टचे चार बोल्ट काढून शाफ्ट बाजूला करा आणि फ्लँजच्या, म्हणजे शाफ्ट जिला बोल्टने जोडलेला असतो त्या जाड चकतीच्या, मधल्या खळग्यात, जिथे मोठा नट बसतो, तिथे टॉर्च मारा. काय दिसतं ते जसंच्या तसं लिहा.

पाना_सतरा

अक्षरेखाताईंच्या सूचनेत सुरक्षेचं एक वाक्य घालतो. अशा गाडीत प्रॉपेलर शाफ्ट सोडला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी मोकळी होते. इंजिनाचा अडसर चाकांपर्यंत पोचतच नाही. मागची चाकं वर असतील तर मागच्या चाकांवरचा हँडब्रेकही गाडी धरत नाही. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर), आणि मगच शाफ्टला हात. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका.

शाफ्ट आणि फ्लँज यांवर रंगाची आडवी खूण करा, परत त्याच जागी बसला पाहिजे. सोडलेला शाफ्ट लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा.

चौथा_गिअर (धागाकर्ता)

शनिवारी सगळं केलं. धुण्यातच अर्धा दिवस गेला, पण खरवडल्यावर हाउसिंगचा मूळ काळा रंग दिसला हेही पहिल्यांदाच.

३२ किलोमीटर चालवून परत आलो. मागचं कव्हर पूर्ण पांढरं, पावडर जशीच्या तशी. दोन्ही चाकांकडे कोरडं. नाकाच्या खालच्या ओठावर पावडर ओली होऊन राखाडी झालेली, पण खूप नाही. ब्रीदर मोकळा केल्याचा फरक पडलाय असं वाटतं.

मग वर बघितलं. गाडीच्या पत्र्यावर, फ्लँजच्या बरोबर वर, पावडरवर तेलाची एक सरळ बारीक रेघ उठलेली. आखणीने ओढल्यासारखी. आणि शाफ्ट सोडून खळग्यात टॉर्च मारला तर नटाच्या भोवती चमकदार ओलं कडं. खळगा कापडाने पुसला, मागचं एक चाक हाताने फिरवत राहिलो, काही दिसलं नाही. पंधरा-वीस मिनिटांनी परत बघितलं तर नटाच्या वॉशरखालून केसाएवढी तेलाची रेघ बाहेर आलेली होती.

हे तेल तिथे कसं येऊ शकतं? सील तर फ्लँजच्या बाहेरच्या अंगावर बसतं ना?

अक्षरेखा

हीच ती जागा.

सील फ्लँजच्या बाहेरच्या गोलाईवर बसतं, बरोबर. पण फ्लँज स्वतः पिनियनच्या दांड्यावर स्प्लाइनवर बसलेली असते, म्हणजे लांबट खाचांवर. त्या खाचा आतल्या टोकाला पुढच्या बेअरिंगपाशी उघड्या असतात आणि तिथे तेल भरपूर असतं. खाचांमधल्या बारीक फटींतून तेल पुढे सरकतं, वॉशरखालून निसटतं आणि खळग्यात येतं. फ्लँज फिरायला लागली की ते काठावरून बाहेर फेकलं जातं, म्हणून पत्र्यावर सरळ रेघ. थांबल्यावर उरलेलं खाली ओघळून सीलच्या तोंडाशीच जमतं. बघणाऱ्याला वाटतं सील गळतंय.

गाडी बनते तेव्हा या खाचांना किंवा नटाच्या बैठकीला सीलंट लावलेलं असतं, नाहीतर नटच सीलंट लावलेला येतो. फ्लँज एकदा काढली की तो थर तुटतो. पहिल्या गॅरेजने फ्लँज काढली, सील बदललं आणि कोरडीच परत ठोकली असणार. त्या दिवसापासून तुमच्याकडे ही दुसरी गळती आहे. बंद ब्रीदरच्या दाबाने ती वाढवली.

तुमचं मूळ सील पहिल्यांदा खरंच गेलेलं असू शकतं, त्यात शंका नाही. फ्लँज काढाल तेव्हा सीलचा ओठ जिथे घासतो तो पट्टा नखाने तपासा. नख अडकलं तर खाच पडली आहे आणि नवं सील तिथेही टिकणार नाही.

सांधेजोड

हे मला माहीत नव्हतं. माझ्या आधीच्या गाडीत हेच झालं असणार असं आता लक्षात येतंय. प्रतिसाद जपून ठेवतोय.

पाना_सतरा

आता फ्लँज काढायची तर कामातला सगळ्यात नाजूक भाग सांगतो, आणि तो नट घट्ट करण्याचा आहे. सील ठोकणं त्या मानाने सोपं.

पिनियन दोन टेपर बेअरिंगांवर फिरतं. ती बेअरिंगं एकमेकांविरुद्ध ठराविक ताणाने दाबलेली असावी लागतात, त्याला प्रीलोड म्हणतात. बऱ्याच गाड्यांत दोन्ही बेअरिंगांच्या मध्ये चेपणारी एक नळी असते, क्रश स्लीव्ह. कारखान्यात नट आवळत नेतात, नळी चेपत जाते आणि बरोबर प्रीलोड आला की थांबतात. नळी एकदा चेपली की परत उमलत नाही. म्हणजे तुम्ही नट जास्त आवळला तर मागे फिरवून उपयोग नाही, नवी नळी घालावी लागते. कमी आवळला तर पिनियन पुढेमागे हलतं, दात चुकीच्या जागी घासतात आणि डोलणाऱ्या फ्लँजमुळे सील पुन्हा जातं.

म्हणून उघडण्याआधी माप घ्या. मागची दोन्ही चाकं आणि ड्रम काढा, ब्रेकचा अडथळा राहायला नको. फ्लँजच्या गोलाईवर मजबूत दोरीचे तीन-चार वेढे घ्या, टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवा आणि सावकाश, एकसारखं ओढा. सुरुवातीचा झटका मोजायचा नाही, फिरत असतानाचा आकडा घ्यायचा. समजा फ्लँजची त्रिज्या ५ सेंटिमीटर आणि काटा २ किलो दाखवतो, तर साधारण १ न्यूटन-मीटर झाला. चार-पाच वेळा मोजून लिहून ठेवा. काम झाल्यावर एवढंच, किंवा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं किंचित जास्त आलं पाहिजे.

नट, पिनियनचं टोक आणि फ्लँज तिन्हींवर टोकदार पंचाने खूण करा, बाहेर दिसणारे आटे मोजा. पण नट नवा घालणार असाल, आणि घालायलाच हवा कारण हे नट एकदाच वापरायचे असतात, तर नटावरची खूण बाद होते. नव्या नटाचे आटे वेगळ्या जागी सुरू होतात. तेव्हा खरा भरवसा दोरीच्या मापावरच.

आणि हवेवर चालणारी गन नटावर लावू नका. काढताना चालेल, बसवताना नाही.

धुरळा

सरसकट नको म्हणण्याशी असहमत. मी कित्येक गाड्यांचे पिनियन नट गनने आवळले आहेत आणि त्या चालताहेत. एवढा बाऊ करायची गरज नाही.

पाना_सतरा

धुरळा, काही गाड्यांत चेपणाऱ्या नळीऐवजी घट्ट स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) असतात. तिथे नट ठरलेल्या टॉर्कला आवळायचाच असतो, गनने थोडं जास्त झालं तरी प्रीलोड बदलत नाही. तुमच्या गाड्या तशा असू शकतील. नळीवाल्या गाडीत तसं नाही.

माझ्याच गाडीचं सांगतो. एका गॅरेजात सील बदललं, नट गनने पूर्ण ठोकला. चार हजार किलोमीटरवर गुणगुण सुरू झाली, आधी फक्त वेगात, मग सगळीकडे. उघडलं तेव्हा पुढच्या बेअरिंगचे रोलर तापून निळे पडले होते आणि कपावर खवले उठले होते. एका सीलच्या कामापायी दोन बेअरिंगं, नवी नळी आणि दात जुळवण्याचं सगळं काम करावं लागलं. म्हणून इतकं लिहितो.

धुरळा

बरोबर आहे, माझ्याकडच्या बहुतेक घट्ट स्पेसरवाल्याच होत्या. हा फरक मी लिहायला हवा होता.

निळा_टायर

आता माझं विचारून घेतो. डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओघळ आहे, टायरच्या भिंतीपर्यंत आलाय. हेही डिफरन्शियलचंच तेल समजायचं का?

अक्षरेखा

निळा_टायर, गाडी आत्ता चालवू नका, आधी हे बघा. तिथे दोन द्रव येऊ शकतात. अॅक्सल शाफ्टच्या सीलमधून डिफरन्शियलचं तेल, किंवा चाकातल्या ब्रेक सिलिंडरमधून ब्रेक ऑइल. वाटीभर पाण्यात एक थेंब टाकून ढवळा. तेल तरंगत राहील. नेहमीचं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, पाण्यात मिसळून जाईल. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळीही बघा.

तेल असेल तर अॅक्सलचं सील, आणि बहुतेक त्याच्यासोबत बेअरिंग. चाक वर उचलून वर-खाली हलवून बघा, खडखडलं तर नुसतं सील घालून काही होणार नाही. पातळी कोणी जास्त भरली होती का तेही विचारा, वळणावर ते तेल नळीतून चाकाकडेच धावतं. दोन्हीपैकी काहीही असलं तरी भिजलेले ब्रेक शू धुऊन परत वापरू नका. अस्तरात मुरलेलं तेल ब्रेक तापले की परत वर येतं आणि एका बाजूचा ब्रेक कमी लागतो. दोन्ही बाजूंचे शू जोडीने बदला, ड्रम ब्रेक क्लीनरने पुसा.

निळा_टायर

पाण्यात मिसळला. ब्रेक ऑइल आहे. टाकीतही खाली गेलंय. गाडी उभी केली आहे, सिलिंडर करूनच काढेन. फार फार आभार ताई.

चौथा_गिअर (धागाकर्ता)

रविवारी काम पूर्ण केलं. जसं झालं तसं लिहितो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

आधी फिलर प्लग सैल होतोय ना ते पाहिलं, मग ड्रेन प्लग उघडला. हा क्रम उलटा करून तेल काढून बसलेल्या आणि मग फिलर प्लगचं तोंड गोल झालेल्या एकाची हकिकत वाचली होती, म्हणून. तेल काळपट होतं, दुधाळ नव्हतं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप, दोन बोटांत चोळल्यावर शाईसारखा मऊ. कण किंवा कपच्या नाहीत.

ड्रम काढले, दोरी गुंडाळली. फ्लँजची त्रिज्या मोजून ५ सेंटिमीटर भरली. काट्यावर पाच वेळा मोजलं, २.९ ते ३.१ किलो. म्हणजे दीड न्यूटन-मीटरच्या जवळ, आणि माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेत. आधीच्या दोघांनी नट अति आवळला नव्हता, ही भीती तिथेच गेली. फ्लँज हाताने वर-खाली, पुढे-मागे हलवली, ढिली अजिबात नाही.

तीन फूट लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून ती फ्लँजला बोल्टने बांधली, दुसरं टोक जमिनीला टेकवलं. नट लांब दांड्याने सुटला. फ्लँज पुलरने ओढली. हातोड्याने ठोकायचा मोह आवरला, कारण तो मार बेअरिंगवर जातो.

फ्लँज हातात आल्यावर सगळं समोर होतं. स्प्लाइनवर सीलंटचा मागमूस नाही, खाचा तेलाने ओल्या. आणि सीलच्या पट्ट्यावर चकचकीत गोल रेघ, नख फिरवलं की टक्क करून अडकत होतं. जुन्या सीलचा ओठ बघितला तर तीन आठवड्यांत एका बाजूने कडक होऊन चिरलेला. ताई म्हणाल्या तसं, दोन्ही कारणं खरी निघाली, ब्रीदर धरून तीन.

खाचेवर रिपेअर स्लीव्ह बसवली. पातळ स्टीलची नळी असते, जाडी पाव मिलिमीटरच्या जवळपास, त्यामुळे सील त्याच मापाचं चालतं. आत सीलंटचा पातळ थर देऊन, सोबत आलेल्या टोपीने सरळ ठोकत नेली. तिरकी जाऊ नये म्हणून दर दोन ठोक्यांनी बघत होतो.

सीलची स्प्रिंगवाली बाजू तेलाकडे. स्प्रिंगच्या खळग्यात ग्रीस भरलं, ठोकताना स्प्रिंग उडून पडू नये म्हणून. ओठाला डिफरन्शियलचंच तेल चोळलं, सुका ओठ पहिल्या काही मिनिटांतच जळतो. सीलच्या बाहेरच्या व्यासाचा पाइप आणि वर लाकडी ठोकळा घेऊन, काठाशी समपातळीत येईपर्यंत हळूहळू ठोकलं.

स्प्लाइन सॉल्व्हंटने कोरड्या केल्या. फ्लँजच्या आतल्या खाचांना बाहेरच्या टोकाकडच्या अर्ध्या लांबीत गिअर ऑइलला टिकणारं सीलंट लावलं, वॉशरच्या खाली आणि नटाच्या बैठकीलाही. आतल्या अर्ध्या लांबीत नाही, कारण ते पिळून बेअरिंगमध्ये गेलं असतं. नवा नट हाताने आवळत आणला. मग अगदी थोडा पाना फिरवायचा, फ्लँज काही वेळा फिरवायची, दोरीने मोजायचं. असं सात वेळा केलं. ३.५ किलोवर थांबलो, १.७ न्यूटन-मीटरच्या आसपास. वाढीत नव्या सीलच्या घर्षणाचाही वाटा आहे.

सीलंट वाळायला गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी तेल भरलं.

सांधेजोड

उत्तम लिहिलंय. तेल कुठलं घातलंत? बऱ्याच जणांचा इथे गोंधळ होतो, म्हणून थोडं सांगतो. या डिफरन्शियलमध्ये पिनियनचा अक्ष क्राउन व्हीलच्या (पिनियन ज्याला फिरवतं त्या मोठ्या गिअरच्या) मध्यापेक्षा खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर लोळतात तसे घसरतातही. त्या घसरणीत साधी फिल्म फाटते. म्हणून गंधक आणि फॉस्फरसची रसायनं असलेलं जीएल-५ तेल लागतं, वास त्याचाच. जीएल-४ इथे पुरं पडत नाही. याउलट जीएल-५ गिअरबॉक्समध्ये ओतायचं तर मॅन्युअल बघून, पितळी सिंक्रो रिंग असलेल्या कित्येक गिअरबॉक्सना ते चालत नाही. आणि डिफरन्शियल लिमिटेड-स्लिप (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं) असेल आणि त्यात क्लच प्लेट असतील तर फ्रिक्शन मॉडिफायर असलेलंच तेल हवं, नाहीतर वळणावर मागून कटकट येते.

चौथा_गिअर (धागाकर्ता)

मॅन्युअलप्रमाणे जीएल-५, ८०डब्ल्यू-९०. माझं साधं डिफरन्शियल आहे, लिमिटेड-स्लिप नाही. सपाट जमिनीवर फिलर भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरलं आणि जास्तीचं ओघळून जाऊ दिलं. जुनं तेल डब्यात भरून वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याकडे दिलं.

अक्षरेखा

स्प्लाइनच्या बाहेरच्या अर्ध्यातच सीलंट लावलंत हे फार बरं केलंत. तो तपशील मी सांगायला विसरले होते.

आता शंभर किलोमीटरनंतर एकदा खळगा बघा, मग हजारला. ब्रीदरची टोपी वर्षातून दोनदा फिरवून बघत जा. पाण्यातून नेहमी जात असाल तर टोपीऐवजी नळी जोडून ती वर, चॅसीच्या उंचीला न्या. नळीत कुठे खोलगट वळण ठेवू नका, तिथे पाणी साठून ती बंद होते.

चौथा_गिअर (धागाकर्ता)

आज ११०० किलोमीटर पूर्ण झाले, म्हणून परत येतोय.

शंभरला खळगा कोरडा होता. आज पुन्हा शाफ्ट सोडून बघितला, नटाभोवती सीलंटचं वाळलेलं कडं तसंच आहे, बोटाला काहीच लागलं नाही. पत्र्यावर पुन्हा पावडर मारली होती, तिथे रेघ नाही. पातळी काठाशी. गाडीखाली ठेवलेला पुठ्ठा तीन आठवडे कोरा आहे.

ब्रीदरला नळी जोडून वर नेली, पूर्ण चढती ठेवली.

हूं आवाजाचं विचाराल म्हणून सांगतो. तो पूर्ण गेलेला नाही. ६५ ला अॅक्सिलरेटरवर पाय असताना येतो, पाय काढला की बंद होतो. पातळी खाली असताना जितका होता त्यापेक्षा कमी आहे, वाढत नाहीये.

पाना_सतरा

फक्त ताकद देताना येतो आणि पाय काढला की जातो, म्हणजे क्राउन-पिनियनचे दात काही काळ कमी तेलावर चालून थोडे झिजले असावेत. बेअरिंग गेलं असतं तर बहुतेक दोन्ही वेळा घरघरलं असतं. तुमचं प्रीलोडचं मापही ठीक होतं. दहा हजार किलोमीटरवर ड्रेन प्लग काढून चुंबक बघा. लेप मऊ असेल तर चालू द्या. टोचणारे कण दिसले तर याच धाग्यावर लिहा, दात तपासायला कव्हर काढायचं कसं ते तेव्हा बोलू.

चौथा_गिअर (धागाकर्ता)

दहा हजारला नक्की लिहितो.